बाईंच्या दोन पिशव्या

सुवर्ण महोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे पत्र आले, तेव्हा शाळेविषयी पुष्कळ लिहिता येईल असे वाटले होते. प्रत्यक्षात कागद पुढे घेतल्यावर विज्ञानाच्या बाईंखेरीज दुसरे काही सुचेना. बाई कोण, हे आपल्याला सांगायला नको.

प्रजननाचा भाग 'घरी वाचा' म्हणून सोडून देण्याची त्या काळी रीत होती. बाईंनी तो मुलामुलींच्या भरल्या वर्गात, आवाज जराही न बदलता शिकवला. आईकडून एक्स गुणसूत्रच येते, वडिलांकडून एक्स आले तर मुलगी आणि वाय आले तर मुलगा, हे त्यांनी फळ्यावर मांडले, त्या संध्याकाळी मी ते तीन मुलींपायी आयुष्यभर बोल ऐकलेल्या माझ्या काकूला जाऊन सांगितले.

आनुवंशिकतेच्या तासाला बाईंनी खादीच्या दोन पिशव्या आणल्या. प्रत्येकीत पंपाजवळच्या चिंचेचे ५० चिंचोके होते आणि त्यांतल्या २५ चिंचोक्यांवर चुन्याचा ठिपका होता. एक पिशवी आईची, एक वडिलांची; न पाहता दोन्हींतून एकेक चिंचोका काढायचा, दोन्ही ठिपक्यांचे निघाले तर वाटाण्याचे बी सुरकुतलेले, नाहीतर गोल. आमच्या गटात पहिलीच जोडी ठिपक्यांची निघाली. चारांत एक हे प्रमाण मला पाठ असल्यामुळे मी ती जोडी बाजूला ठेवली आणि पुढच्या तीन रकान्यांत 'गोल' असे आधीच लिहून टाकले. बाईंनी वही पाहिली, तिन्ही शब्द खोडायला लावले आणि म्हणाल्या, "अगं, ते चिंचोके परत पिशवीत टाक. पहिले बी कसे निघाले, हे दुसऱ्याला ठाऊक नसते."

चाळीस वेळांत आमच्याकडे ठिपक्यांच्या चौदा जोड्या आल्या, म्हणून मी हिरमुसले; पण सगळ्या गटांची बेरीज केल्यावर प्रमाण चारांत एकच्या अगदी जवळ येऊन बसले. तेव्हा बाईंनी ब्रनोच्या मठात वाटाण्यांवर आनुवंशिकतेचे प्रयोग करणाऱ्या मेंडेलची हकीकत सांगितली. त्याने ७३२४ बिया मोजल्या, ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेल्या. मूठभर बियांवर तो थांबला असता, तर हा नियम त्याला दिसलाच नसता. १८६६ साली छापलेल्या त्याच्या निबंधाचे मोल जगाला १९०० साली कळले, तोवर त्याला जाऊन सोळा वर्षे झाली होती, हे सांगताना बाईंचा स्वर हळवा झाला होता.

आज मी गडचिरोलीत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचे काम करते. आईवडील दोघेही वाहक असले, म्हणजे दोघांच्याही पिशवीत निम्मे चिंचोके ठिपक्यांचे असले, तरी त्यांना स्वतःला सहसा त्रास नसतो. त्यामुळे पहिले मूल आजारी निघेपर्यंत अनेकांना काहीच माहीत नसते. मग ते विचारतात, "ताई, चारांत एक म्हणालात ना? आमचा तो एक झाला, आता पुढची तीन चांगली होतील?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, आणि तो माझ्याच वहीतला आहे. अशा वेळी मी तोंडाने थोडे बोलते आणि दोन पिशव्या पुढे ठेवते. आई एकीतून चिंचोका काढते, वडील दुसरीतून काढतात, जोडी पाहून झाली की तेच आपल्या हाताने ते चिंचोके परत टाकतात. प्रत्येक बाळंतपणाला पिशवी पुन्हा भरलेलीच असते, हे त्यांच्या ध्यानात येते, आणि पुढच्या गरोदरपणी लवकर तपासणीला येण्याचे ते कबूल करतात.

मागच्या वर्षी शाळेत आले होते. बाईंच्या प्रयोगशाळेत आता संगणक मांडले आहेत, मुले तिथे गुणसूत्रे पडद्यावर हलताना पाहतात. पंपाजवळची चिंच मात्र रस्त्याच्या रुंदीकरणात गेली, याची मला फार खंत वाटली. पिशव्यांतले चिंचोके झिजले की मी आता आठवडी बाजारातून नवे आणते आणि रात्री बसून त्यांतल्या निम्म्यांवर चुन्याचा ठिपका देते.