एमपीव्हीचं स्टिअरिंग आणि फॉर्म पाच : माझा अनुभव

एमपीव्ही, म्हणजे भूसुरुंगरोधक गाडी, चालवायला किती दिवस लागले असं नवीन पोरं विचारतात. गाडीला तीन आठवडे, कागदाला पाच महिने. त्या कागदाचा राग अजून गेलेला नाही.

मी गडचिरोली जिल्ह्यात पोलीस शिपाई, मोटार परिवहन विभागात. १ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला स्फोटात आमचे १५ जवान आणि गाडीचा चालक गेले. गाडी साधी, खासगी होती. तेव्हाच ठरवलं, जवान न्यायचे तर कवच असलेल्या गाडीतून. साहेब म्हणाले, "आधी जड वाहनाचा परवाना आण."

शिकाऊ परवाना झटक्यात निघाला. अडलं फॉर्म पाचवर. जड वाहनाच्या परवान्याला ड्रायव्हिंग स्कूलचं हे प्रमाणपत्र लागतं. शाळेत पैसे भरले, महिनाभर ट्रक चालवला, जांभळ्या शाईचा शिक्का घेऊन चाचणीला गेलो. खिडकीतल्या बाईंनी शिक्क्यातला परवाना क्रमांक तपासला आणि कागद परत सरकवला. शाळेच्या परवान्याची मुदत चार महिन्यांपूर्वीच संपली होती! मालक म्हणाला, "भाऊ, नूतनीकरणाला टाकलंय, आठ दिवसांत होतं." आठ दिवसांचे दहा आठवडे झाले. प्रत्येक साप्ताहिक सुट्टी त्याच्या दारात गेली. पुढे पुढे तो फोनच उचलेना. शिकाऊ परवाना सहा महिनेच चालतो, तो संपत आला. मी सरळ दुसऱ्या गावी दुसरी शाळा धरली, पुन्हा पैसे भरले. पहिले बुडाले ते बुडालेच. मुदतीला बारा दिवस उरले असताना चाचणी पास झालो, तेव्हा स्टँडवर बसून घरी फोन केला आणि बोलताच येईना.

म्हणून पैसे देण्याआधी शाळेचा परवाना मागा आणि मुदतीची तारीख स्वतः वाचा. प्रशिक्षणार्थींच्या नोंदवहीत नाव चढलंय का तेही बघा. आणि हो, हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर जुना लागतो. तो नसेल तर बाकी धावपळ करूच नका.

गाडी शिकवली उस्तादांनी. पहिल्या दिवशी त्यांनी मला गाडीखाली झोपवलं. तळ सपाट नाही, होडीसारखा व्ही आकाराचा. स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना फाकतो. चाक उडालं तरी माणसांचा डबा वाचावा अशी रचना. १९७० च्या दशकाच्या शेवटी दक्षिण आफ्रिकेत बनलेल्या कॅस्पिर या गाडीत ती होती, आपल्याकडे मेदकच्या सरकारी आयुध कारखान्यानेही तशीच गाडी बांधली. मग उस्तादांनी बजावलं, "३ सप्टेंबर २००५ ला छत्तीसगडमधल्या बिजापूरजवळ पडेडाला अशाच गाडीतले २४ जण गेले. आरओपीने, म्हणजे पुढे जाऊन रस्ता मोकळा करणाऱ्या तुकडीने, तपासल्याशिवाय चाक हलवायचं नाही. आणि पट्टा मागच्यानेही लावायचा, नाहीतर गाडी उसळली की डोकं छतावर आपटतं."

जाड काचेतून डावीकडची कड दिसत नाही. पहिल्या फेरीला शेजारचा हवालदार दर वळणावर सांगत होता, "डावी मोकळी, घे." मी आधी आरशात मागे बघायचो, सगळ्यांचे पट्टे लागलेत ना, आणि मगच घ्यायचो.