पहिला महिना फक्त चालीचा

ठाणे, रविवार

पाऊस ओसरला, मैदानातला चिखल वाळला, की पंचेचाळिशी-पन्नाशीतली माणसं पुन्हा घोडेस्वारीकडे वळतात. तरुणपणी शिकलेलं डोक्यात पक्कं असतं. कंबर मात्र मधली सगळी वर्षं खुर्चीत बसलेली असते. म्हणून पहिला महिना नुसत्या चालीचा ठेवावा, दुडकीचं नाव काढू नये, हे आज ठामपणे लिहून ठेवावंसं वाटतं.

चालीत घोड्याचे पाय एकेक करून चार ठोक्यांत पडतात आणि बसणाऱ्याची कंबर आपण स्वतः चालताना हलते तशीच हलते. आखडलेल्या पाठीला हे मानवतं. दुडकीत, म्हणजे क्लासमधल्या ट्रॉटमध्ये, तिरक्या जोडीचे पाय एकदम टेकतात. मिनिटाला दीडशेच्या आसपास उसळ्या. ही उसळी जांघेच्या सांध्यात जिरायला हवी. बसून बसून जांघेपुढचे स्नायू आखूड झालेले असतात, सांधा मोकळा होत नाही, आणि धक्का थेट खालच्या मणक्यांत जातो. दुखते कंबर, अडलेली असते जांघ. त्यात कुणी ‘ताठ बसा’ म्हटलं की छाती पुढे काढली जाते, कमरेचा खळगा आणखी खोल होतो आणि दुखणं वाढतं. बैठकीची दोन्ही हाडं खोगिरात सरळ खाली लागतायत ना, एवढंच बघावं. ठाणे-वाशी लोकलमध्ये गुडघे सैल सोडून उभं राहिलं की हेलकावा कमरेपर्यंत पोचत नाही. खोगिरातही तेच साधायचं असतं.

रिकीब, म्हणजे खोगिराला लटकणारा पाय टेकायचा आधार, लांब झाली की पाय तिला शोधत खाली ताणला जातो आणि कंबर वाकते. माप सोपं आहे: रिकीब खोगिरातल्या ज्या कडीला अडकवतात तिला बोटांची टोकं लावावीत, हात सरळ ठेवावा, रिकिबीचा तळ काखेत यावा. बाकीचं वर बसल्यावर पट्ट्याच्या एखाद्या भोकाने कमी-जास्त.

आपल्याकडे उकाड्यामुळे क्लास सकाळी सहा-साडेसहाला असतात, आणि दुखऱ्या पाठीला हीच वेळ वाईट. झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. उठल्यावर पहिला तासभर खोल वाकलं की त्यांच्यावर जास्त ताण येतो. पाचला उठायचं, घोडबंदरच्या खड्ड्यांतून गाडीत बसून यायचं आणि आल्या आल्या खूर साफ करायला वाकायचं, इथेच कंबर धरते. घोड्यावर बसायच्या आधीच. गाडी लावल्यावर पंधरा मिनिटं चालावं. खरारा, म्हणजे घोड्याचं अंग ब्रशने घासणं, उभ्याने करता येतो, तो जरूर करावा. खूर साफ करणं आणि खोगीर चढवणं महिनाभर मोतद्दारावर, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्यावर, सोपवावं. यात कमीपणा नाही.

चढताना गुडघ्याएवढ्या उंचीचा ओटा हवाच. जमिनीवरून चढताना डाव्या पायावर सगळं अंग पिळतं, खोगीर एका बाजूला ओढलं जातं, म्हणजे घोड्याचीही पाठ दुखते. उजवा पाय ओलांडल्यावर धपकन बसू नये, वजन मांड्यांवर तोलत टेकावं. उतरताना दोन्ही पाय रिकिबीतून काढून पोटावर घसरत यावं, गुडघे सैल.

कळ गुडघ्याखाली उतरत असेल किंवा पाय बधिर होत असेल, तर आधी डॉक्टर. त्याबरोबर लघवीवरचा ताबा सुटत असेल तर त्याच दिवशी.

दुसऱ्या दिवशी मांड्यांची आतली बाजू दुखणं ठीक. कंबर आधीपेक्षा जास्त दुखली तर पुढच्या वेळी निम्माच वेळ. अर्धा तास चाल करूनही दुसऱ्या दिवशीची सकाळ नेहमीसारखी गेली, की मग उठबस करत दुडकी, एकेक मिनिटाच्या चार-पाच फेऱ्या. उठताना लगामाचा आधार घेऊ नये, घोड्याच्या तोंडातली कडी ओढली जाते. आयाळ धरावी.