पद्मिनीच्या पट्ट्या घरी का बसवल्या?

नाशिकच्या गंगापूर रोडला गाडी लावली की कुणीतरी विचारतंच: जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या बाजूच्या या चकचकीत पट्ट्या घरी का बसवल्या, आणि सरळ डबल टेपने का नाही चिकटवल्या? तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

आधी टेपचं. माझ्या गाडीच्या दारांना पट्टीसाठी मुळातच भोकं आहेत. भोकात क्लिप आणि क्लिपेवर पट्टी, अशी ती रचना. टेप लावला की भोकं झाकली जातात, पण बुजत नाहीत. पावसाळ्यात पाणी मागे शिरतं, भोकाच्या उघड्या कडेला गंज धरतो आणि रंगाखालून पसरत जातो. वरून पट्टी झकास, त्यामुळे फुगवटा येईपर्यंत पत्ताच लागत नाही.

म्हणून खरं काम भोकांचं. गंज खरवडायचा, प्रायमर मारायचा, वर रंगाचा हात द्यायचा आणि तो पक्का वाळू द्यायचा. गॅरेजवाला एवढा थांबत नाही, आणि त्याचंही बरोबर आहे. त्याच्या दारात पुढची गाडी उभी असते. माझ्या पार्किंगमध्ये शेजाऱ्यांची स्कूटर असते, तिला घाई नाही.

पट्टीला चमक आणायला भांडी बाजाराच्या या गावात बफिंगवाला शोधावा लागत नाही. फक्त पट्टी स्टीलची आहे ना, हे आधी बघा. ॲनोडाइज्ड, म्हणजे वर संरक्षक थर चढवलेलं, ॲल्युमिनियम असेल तर बफिंगने वरचा थरच उडतो.

बसवताना आधी मडगार्डपासून मागच्या दारापर्यंत दोरी ताणायची, तिच्या रेषेत मास्किंग टेप लावायचा. प्रत्येक क्लिपेच्या बुडाशी सिलंटचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या लुकणाचा, ठिपका. मग पट्टीची वरची कड क्लिपांत अडकवून खालची कड एका टोकाकडून तळहाताने दाबत जायचं. ‘टक्’ आवाज आला की बसली. हातोडी नको, रबरीसुद्धा नको. पातळ पत्र्याला पडलेला पोचा उन्हात हमखास दिसतो.

टोकाला आतून नट असतो. तो आवळण्याआधी दार सावकाश उघडून बघा. बिजागरीकडची कड उघडताना आत वळते. पट्टी जरा जरी पुढे आली असेल तर मडगार्डाचा रंग सोलून काढते.

आणि हो, सिलंट हातात आहे म्हणून दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं बुजवू नका.