आमची वाटचाल : बर्नरपासून हीट पंपापर्यंत

आमचा धंदा तेलावरच उभा राहिला. कारखान्यांतल्या बॉयलरचे बर्नर साफ करायचे, नोझल बदलायचे, ज्योत नीट लावून द्यायची, हे आमचं काम. फर्नेस ऑइल इतकं घट्ट असतं की जाळण्याआधी तेच तापवून पातळ करावं लागतं. तापमान थोडं कमी पडलं तरी फवारा बिघडतो आणि चिमणीतून काळा धूर निघतो. नुसत्या धुराच्या रंगावरून बिघाड ओळखणारे फिटर आमच्याकडे तयार झाले. त्यांचा मला आजही अभिमान आहे.

दिशा बदलली ती २००८ नंतर. त्या जुलैत कच्चं तेल पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत चढलं आणि डिसेंबरात ४० डॉलरच्याही खाली आलं. भाव चढत होता तोवर प्रत्येक गिऱ्हाईक विचारत होतं, तेल वाचवायचं कसं? भाव उतरला आणि विचारणा बंद. १९७३ च्या तेलसंकटानंतरही जगाचं असंच झालं होतं. १९८६ मध्ये भाव कोसळले, तसा बचतीचा उत्साहही ओसरला. भावाच्या धास्तीने घेतलेला निर्णय टिकत नाही, हे मला तेव्हा पटलं. तेल सुटायचं असेल तर कारखान्याची मांडणीच अशी हवी, की तेलाची गरजच पडू नये.

मग आम्ही गिऱ्हाइकांना एक साधा प्रश्न विचारू लागलो : तुम्हाला नेमकं किती तापमान लागतं? एका डेअरीचं उदाहरण देतो. दूध पाश्चराइझ करायला ७२ अंश सेल्सिअस तापमान १५ सेकंद पुरतं. तिथे मात्र ७ बार दाबाची, म्हणजे १७० अंशांची वाफ तयार होत होती. ती लांबलचक पाइपांतून फिरायची, गळक्या स्टीम ट्रॅपमधून (वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपेतून) वाया जायची आणि शेवटी जेमतेम कोमट वाटावं अशा कामालाही वापरली जायची. भिंतीपलीकडे चिलर, म्हणजे थंड करणारं यंत्र, तेच दूध ४ अंशांवर आणत होता आणि दुधातून काढलेली उष्णता छतावर हवेत सोडून देत होता. एकीकडे तेल जाळून उष्णता करायची, दुसरीकडे वीज खर्चून ती फेकायची!

हीट पंपाने आम्ही ही दोन टोकं जोडली. तो उष्णता तयार करत नाही, आहे ती उचलून वरच्या तापमानाला नेतो. म्हणून अशा ठिकाणी एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. ती वीज कोळशाची असेल तर धुराच्या हिशेबात आज फार फरक पडत नाही, हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. पण वीज सूर्य-वाऱ्याची होत जाईल तशी तीच मशीन आपोआप स्वच्छ होत जाते. तेलाच्या बर्नरला ही सोय नाही.

सगळीकडे हे जमत नाही. धातू वितळवायला हीट पंप उपयोगाचा नाही, तिथे इंडक्शन भट्टी लागते आणि ते काम आम्ही घेत नाही.

सगळ्यात जास्त वेळ दिला तो माणसांना. ज्याची उमर ज्योत लावण्यात गेली, त्याला ‘आता बर्नर संपला’ असं सांगणं बरोबर नाही. आमच्या जुन्या फिटरना कंप्रेसर, हीट पंपात फिरणाऱ्या गॅसचा दाब, गळती शोधणं हे सगळं पगार चालू ठेवून शिकवलं. पाइप, व्हॉल्व्ह, लॅगिंग (उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून पाइपांवर चढवलेलं आवरण) यांवर हात बसलेलाच होता. तेल सोडताना तेलावर जगणाऱ्यांची सोय आधी लावली पाहिजे, यावर मी ठाम आहे.

सध्या आम्ही कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या गरम सांडपाण्यावर काम करतो. तिथे सांडपाण्यातली उष्णता काढून घेणारा हीट एक्स्चेंजर धाग्यांच्या गाळाने तुंबतो, म्हणून गाळणीची रचना अजून सुधारतोय. नवीन कामाचं कोटेशन आम्ही लगेच देत नाही. आधी प्रत्येक यंत्रावर तापमापक लावून नोंदी घेतो, मगच आकड्यांवर बोलतो.