रजिस्टरमधला पेन्सिलचा गोल

मंगळवार, रात्रीचे ११

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात सल्लागार म्हणून आज नववा दिवस. मालकांनी सकाळीच विचारलं, सर प्रेझेंटेशन कधी, सगळ्यांना जमवतो. म्हटलं अजून आठवडाभर नको. त्यांना आवडलं नाही, पैसे देतात तर डोळ्याला काहीतरी दिसायला पाहिजे, समजतं मला, पण काम जिथे होतं तिथे बसून बघितल्याशिवाय 'असं बदला' म्हणायचं नाही हे मी सोडत नाही.

येत्या जुलैपासून स्टोअरचं रजिस्टर बंद होणार, सगळं कॉम्प्युटरवर. स्टोअरकीपर काका २२ वर्षांपासून तिथे आहेत आणि हे ठरल्यापासून गप्प. ऑफिसात सगळे म्हणतात त्यांचा विरोध आहे. आज डबा घेऊन त्यांच्याजवळच बसलो अन् विचारलं, काका, काल मशीनसाठी प्लास्टिकचा दाणा दिला तो कसा दिला, पहिल्यापासून सांगा ना. त्यांनी रजिस्टर उघडलं, काही नोंदींपुढे पेन्सिलचा बारीक गोल.

"हे फोडलेल्या गोणीचं आहे साहेब. नायलॉनचा दाणा पावसाळ्यात लय ओल धरते. गोणी कधी फोडली ते ऑपरेटरले सांगा लागते, मंग तो ड्रायरमधी जास्त वेळ ठेवते. नाही त मालावर चांदीसारखे पट्टे येते. तुमच्या कॉम्प्युटरात हा गोल मी कुठी काढू?"

सॉफ्टवेअरमध्ये २५ किलोच्या गोण्या किती आल्या किती गेल्या, बस. ज्याला सगळे विरोध म्हणत होते तो हा प्रश्न होता आणि नऊ दिवसांत, माझ्यासकट, कोणी तो विचारलाच नव्हता.

मला अशा वेळी अमेरिकेतला तो हारवूडचा पायजम्याचा कारखाना आठवतो. कोच आणि फ्रेंच या दोन संशोधकांनी तिथला प्रयोग १९४८ मध्ये छापला. कामाची पद्धत बदलायची होती, एका गटाला नुसतं सांगितलं की आता असं करायचं, तिथे उत्पादन घसरलं आणि ४० दिवसांत १७ टक्के लोक सोडून गेले. दुसरीकडे सगळ्यांना बसवून त्यांच्याकडूनच नवी पद्धत ठरवून घेतली, ते लवकर सावरले, आधीपेक्षा पुढे गेले आणि त्या दिवसांत एकानेही नोकरी सोडली नाही. माणसं तशीच, कारखाना तोच.

दुपारी सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला, गोणी फोडल्याची तारीख टाकायला जागा होईल म्हणाला. ती स्लिपवर कशी दिसावी हे काका आणि दोन ऑपरेटर ठरवतील, मी नाही.

निघताना काका हळूच म्हणाले, "अन् साहेब, त्या पोराचं काय?" रजिस्टर लिहायला मदत करणारा हेल्पर. कॉम्प्युटर आला की त्याचं काम उरत नाही हे मालकांना माहीत आहे, त्यांचं म्हणणं आहे की आत्ता बोलू नका, उगाच वातावरण बिघडेल. हे मला पटत नाही. कोणाचं काय जाणार हे लपवून मी कुठलाच बदल करून देत नाही, लोकांना कळतंच, आणि मग आपलं कुठलंच बोलणं ते खरं धरत नाहीत.

उद्या ७ च्या शिफ्टआधी मालकांना भेटतोय, पॅकिंगला त्याला घेता येईल का विचारायला. हो म्हणोत की नाही, त्या पोराला ते जुलैच्या आधी कळलं पाहिजे.