रोमानोव्हांचा शेवटचा माग: येकातेरिनबुर्ग ते पीटर्सबर्ग

येकातेरिनबुर्गला जाणारे बहुतेक लोक दोन ठिकाणे पाहून परततात: शहरातले ‘रक्तावरचे चर्च’ आणि जंगलातला गानिना यामा मठ. तिसरे ठिकाण, पोरोसेन्कोव्ह लोग (लोग म्हणजे घळ), बस-सहलींत सहसा नसते. शेवटचा झार दुसरा निकोलस आणि त्याच्या कुटुंबाचे सांगाडे मात्र सापडले ते तिथे. या तिसऱ्या जागेसाठी अर्धा दिवस राखून ठेवूनच बाकीची आखणी करावी. ती वगळली तर पुढे पीटर्सबर्गच्या कबरींपाशी काहीच नीट उलगडत नाही.

मॉस्को, येकातेरिनबुर्ग, जमल्यास तोबोल्स्क आणि शेवटी पीटर्सबर्ग हा क्रम सोयीचा ठरला. मॉस्को ते येकातेरिनबुर्ग सुमारे १,८०० किलोमीटर आहे. रेल्वेने साधारण २६ तास लागतात, विमानाने अडीच तास. हल्ली सुरक्षेच्या कारणाने रशियातले विमानतळ अचानक काही तास बंद होतात, म्हणून आंतरराष्ट्रीय विमानाच्या आदल्या दिवशीच त्या शहरात पोहोचलेले बरे. येकातेरिनबुर्गचे घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे आहे, मॉस्कोचे अडीच तास.

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो. मुक्कामाच्या दिवसांचे नियम बदलत असतात, अर्ज करतानाच पाहून घ्या. भारतात काढलेली व्हिसा किंवा मास्टरकार्डची कार्डे २०२२ पासून तिथे चालत नाहीत. हॉटेल आणि रेल्वेचे जेवढे पैसे बाहेरून भरता येतील तेवढे आधी भरा. बाकीच्या खर्चासाठी कोऱ्या करकरीत डॉलरच्या नोटा न्या. दुमडलेली, शिक्का किंवा पेनाची खूण असलेली नोट बँकेत नाकारली जाऊ शकते. मोबाइल इंटरनेट मधूनच बंद पडते, म्हणून नकाशे आधी उतरवून ठेवा. विमानतळावर मिळणारा मायग्रेशन कार्डाचा चिटोरा देश सोडेपर्यंत जपा.

आता मूळ जागा. येकातेरिनबुर्गमधले ज्या घरात झारच्या कुटुंबाला कैदेत ठेवून मारले, ते इपातिएव्हचे घर आज नाही. ३० एप्रिल १९१८ रोजी निकोलस, राणी अलेक्सांद्रा आणि मुलगी मारिया यांना तिथे आणले; बाकीची चार मुले २३ मे रोजी आली. १६-१७ जुलैच्या रात्री तळघरात ११ जणांना गोळ्या घातल्या: राजा, राणी, ओल्गा, तातियाना, मारिया, अनास्तासिया, १३ वर्षांचा आलेक्सेई, आणि त्यांच्याबरोबर डॉक्टर बोत्किन, दासी देमिदोवा, स्वयंपाकी खारितोनोव्ह, नोकर त्रूप. शेवटच्या चौघांची नावे विसरू नका; माहितीच्या फलकांवर ती हमखास खाली सरकलेली असतात. घर सप्टेंबर १९७७ मध्ये पाडले. तेव्हा प्रांताचा पक्षप्रमुख होता बोरिस येल्त्सिन. त्याच जागेवरचे आजचे ‘रक्तावरचे चर्च’ २००३ चे आहे. आत गेल्यावर वरच्या सोनेरी मजल्यावर रेंगाळू नका, खालच्या मजल्यावर उतरा. तळघराच्या खोलीची आठवण तिथल्या बाजूच्या वेदीने राखली आहे. पण ती खोली ‘जशीच्या तशी’ आहे असे कुणी सांगितले तर मान डोलावू नका, मूळ भिंत तिथे एकही नाही.

गानिना यामा शहराच्या वायव्येला साधारण १५ किलोमीटरवर आहे. उपनगरी लोकलने शुवाकिश स्टेशनला उतरून पुढे चालता येते, पण टॅक्सी सोपी. यांडेक्सच्या ॲपमध्ये ‘रोख’ हा पर्याय निवडा. परतीसाठी जंगलात गाडी मिळेलच असे नाही. त्याच चालकाला थांबायला सांगून भाडे आधी ठरवा आणि त्याच फेरीत पोरोसेन्कोव्ह लोगही उरका. मठात स्त्रियांना डोक्यावर रुमाल आणि लांब स्कर्ट लागतो. दाराशी गुंडाळायची वस्त्रे ठेवलेली असतात, पण गर्दीत ती संपतात, म्हणून एक ओढणी जवळ असू द्या. पुरुषांनी टोपी काढायची. सात राजबंदींसाठी सात लाकडी चर्च आहेत आणि मधोमध खाणीचा बुजलेला खड्डा.

हा खड्डा आणि ते लोग यांचे नाते असे. बोल्शेविक मारेकऱ्यांचा म्होरक्या युरोव्स्की याने पहाटे प्रेते या खाणीत टाकली. खाण उथळ निघाली, हातबाँब टाकूनही ती ढासळली नाही आणि शहरात कुजबुज सुरू झाली. दुसऱ्या रात्री प्रेते वर काढून अधिक खोल खाणीकडे न्यायची होती. वाटेत दलदलीत ट्रक रुतला. तिथेच रस्त्यात खड्डा खणून नऊ प्रेतांवर गंधकाम्ल ओतले आणि वर रेल्वेचे स्लीपर टाकले. दोन प्रेते थोड्या अंतरावर जाळून पुरली. बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या श्वेत सैन्याचा तपास अधिकारी सोकोलोव्ह १९१९ मध्ये या स्लीपरच्या पुलापर्यंत आला, त्याचा फोटोही काढला, पण खाली खणले नाही. सगळी प्रेते गानिना यामापाशी जाळून नष्ट केली हा त्याचा निष्कर्ष. चर्चने तोच धरला आणि मठ तिथे उभा राहिला. लोगमधले नऊ सांगाडे १९७९ मध्ये खासगी शोधकांना सापडले, ते गुपित राहिले आणि १९९१ मध्ये अधिकृतपणे बाहेर काढले. मारिया आणि आलेक्सेई यांचे जळके तुकडे सुमारे ७० मीटरवर २००७ मध्ये मिळाले. अनास्तासिया वाचली असे सांगणारा गाईड भेटला तर त्याला हे वर्ष ऐकवा.

पोरोसेन्कोव्ह लोगला जुना कोप्त्याकी रस्ता जातो. पाहायला क्रूस आणि दगडी खुणा, एवढेच. मे ते जुलै या काळात उरलच्या गवतात गोचीड असते आणि तिच्यातून मेंदूज्वर होतो. पूर्ण पँट मोज्यांत खोचा, फिकट कपडे घाला, परतल्यावर गुडघ्यामागे आणि काखेत तपासा. हा सल्ला हौसेचा नाही, स्थानिक लोक यासाठी लस घेतात.

१६-१७ जुलैच्या रात्री चर्चपासून गानिना यामापर्यंत सुमारे २१ किलोमीटरची पदयात्रा निघते. मध्यरात्रीची प्रार्थना आटोपल्यावर लोक चालू लागतात आणि सकाळी पोहोचतात. हजारो माणसे असतात, वेग चांगलाच असतो, मागे पडलात की गाठणे कठीण. पायात रुळलेले बूट, पाणी, डासांचा फवारा आणि पातळ रेनकोट एवढे पुरे. हॉटेल मात्र महिनाभर आधी पकडा. गर्दी नको असेल तर हा आठवडा सरळ टाळा, कारण त्या दिवसांत शांतपणे काही पाहता येत नाही.

तोबोल्स्कला ऑगस्ट १९१७ पासून कुटुंब नजरकैदेत होते. गव्हर्नरच्या त्या घरात २०१८ पासून संग्रहालय आहे. त्युमेनमार्गे रेल्वे आहे, पण स्टेशन गावापासून दूर, तेव्हा रात्री उशिरा उतरू नका. आलापायेव्स्कला राणीची बहीण एलिझावेता आणि इतर राजपुत्रांना १८ जुलै १९१८ रोजी खाणीत लोटले. विषयात मुरलेल्यांनीच तिकडे वळावे.

एक खुबी लक्षात ठेवा: फेब्रुवारी १९१८ पर्यंतच्या तारखा फलकांवर जुन्या पंचांगाने असू शकतात, म्हणजे १३ दिवस मागे. राजत्यागाची तारीख कुठे २ मार्च तर कुठे १५ मार्च १९१७ दिसते. दोन्ही बरोबर.

पीटर्सबर्गात गोर्कोव्स्काया मेट्रोवरून पेत्रोपाव्लोव्स्क किल्ल्यात चालत जा. आवार फुकट, कॅथेड्रलला तिकीट. आत शिरल्यावर उजव्या हाताला संत कॅथरीनची छोटी खोली आहे. १७ जुलै १९९८ रोजी लोगमधल्या नऊ जणांचे तिथे दफन झाले. आत सोडत नाहीत, दारातूनच पाहायचे. बस-सहलींचे लोंढे टाळून गेलात तरच दाराशी दोन मिनिटे उभे राहता येते. त्या दफनाला येल्त्सिन आला, रशियन चर्चचे प्रमुख (पॅट्रिआर्क) आले नाहीत आणि पुरोहितांनी प्रार्थनेत मृतांची नावे घेतली नाहीत. डीएनए पटले होते, चर्चला पटले नव्हते.

मुंबईचा धागा इथेच सापडतो. युवराज असताना, डिसेंबर १८९० मध्ये, निकोलस जहाजाने मुंबईला उतरला. बरोबरचा धाकटा भाऊ गिऑर्गी आजारपणामुळे मुंबईहूनच माघारी गेला आणि १८९९ मध्ये क्षयाने वारला. निकोलसच्या मातृवंशीय डीएनएमध्ये एका जागी दोन अक्षरांची सरमिसळ निघाली, जिवंत नातलगांत ती नव्हती, त्यामुळे शंका उरली. १९९४ मध्ये याच कॅथेड्रलमधली गिऑर्गीची कबर उघडली, तर त्याच्यातही तीच सरमिसळ. राणीची ओळख इंग्लंडच्या राजपुत्र फिलिपच्या रक्तावरून पटली. त्याची आजी राणीची सख्खी बहीण.

‘निकोलसचे वंशज कुठे आहेत’ असे विचारू नका, कुणी नाहीत; पाचही मुले मारली गेली. आजचे रोमानोव्ह हे चुलत शाखांचे किंवा बहिणींकडून आलेले. कॅथेड्रलशेजारच्या ग्रँड ड्यूकांच्या दफनगृहात त्यांच्यातला वाद दिसतो. १९२४ मध्ये परदेशात स्वतःला सम्राट म्हणवणाऱ्या किरिलचे अवशेष १९९५ मध्ये इथे आणले. त्याचा मुलगा व्लादिमीर १९९२ पासून इथेच आहे. व्लादिमीरची मुलगी मारिया (जन्म १९५३, माद्रिद) गादीची वारस असल्याचा दावा करते. तिचा मुलगा गिऑर्गी याचे लग्न १ ऑक्टोबर २०२१ रोजी याच शहरातल्या सेंट आयझॅक कॅथेड्रलमध्ये झाले. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या रोमानोव्ह कुटुंब संघटनेला हा दावा मान्य नाही. भांडण समान दर्जाच्या लग्नांवरून आहे आणि त्याचे मूळ झार पावेलच्या १७९७ च्या वारसा कायद्याला १८२० मध्ये झार पहिल्या अलेक्झांडरने जोडलेल्या अटीत. दफनगृहात कोण आहे यावरून दावा सिद्ध होत नाही, एवढे ध्यानात असू द्या.

मारिया आणि आलेक्सेई यांचे अवशेष मात्र या किल्ल्यात शोधू नका. ते २०१५ मध्ये मॉस्कोच्या नोवोस्पास्की मठाकडे सोपवले. मठ मेट्रोच्या प्रोलेतार्स्काया स्टेशनजवळ आहे. तिथे रोमानोव्ह बोयारांचे (सरदारांचे) जुने दफनघर पाहता येते. मुलांचे अवशेष दर्शनासाठी ठेवलेले नाहीत.