कसारा घाट ते धोडप: तोंड नसलेल्या ज्वालामुखीच्या वाटेवर

ब्रह्मगिरी किंवा अंजनेरीकडे बोट दाखवून नाशिकला आलेला पाहुणा हमखास विचारतो, "हा ज्वालामुखीच ना? मग याचं तोंड कुठे आहे?" खडक ज्वालामुखीचाच आहे, डोंगर मात्र ज्वालामुखी नव्हे. हे उभ्या उभ्या सांगून पटत नाही. रस्त्यावर उतरून दगड बघावे लागतात. त्यासाठी दोन दिवस, एक दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक लोखंडी खिळा आणि अर्धं लिंबू एवढं पुरतं. हातोडी घरीच ठेवा. लेण्यांवर आणि किल्ल्यांवर ती चालवणं गुन्हा आहे, आणि पावसाने फोडलेले ताजे तुकडे पायाशी पडलेलेच असतात.

आम्ही सुरुवात नेहमी कसाऱ्यापासून करतो. कसारा समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटरवर, इगतपुरी 600 मीटरवर. मधला थळ घाट, म्हणजेच कसारा घाट, रेल्वेसाठी इतका उभा आहे (37 मीटरला 1 मीटर चढ) की गाडीला जादा इंजिनं लावावी लागतात. आपण त्या 300 मीटरमध्ये लाव्हाचे थर खालून वर वाचत जातो. महामार्गाच्या वळणावर गाडी थांबवू नका, पावसाळ्यात तर मुळीच नको, दरडी सुटतात. इगतपुरीच्या बाजूला वर पोचल्यावर सुरक्षित जागी उतरून समोरच्या कड्याकडे पाहा. उभा काळा कातळ, त्यावर उतरती हिरवी पट्टी, पुन्हा उभा कातळ. जिन्यासारखी ही रचना पाहूनच युरोपीय अभ्यासकांनी 'पायरी' या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून याला ट्रॅप म्हटलं. दख्खनचा हा ट्रॅप आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि त्याचा बहुतांश भाग सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी बाहेर आला.

याच घाटात एक थर असा आहे की त्यात पांढुरके, चपटे, दोन-तीन सेंटीमीटर आणि त्याहूनही लांब स्फटिक काळ्या दगडात विखुरलेले दिसतात. ते फेल्डस्पार या खनिजाचे. भूवैज्ञानिक या थराला थळ घाटाचंच नाव देतात. एवढा मोठा स्फटिक उघड्यावर वाढत नाही, कारण लाव्हा तेवढा वेळ देत नाही. म्हणजे हा शिलारस वर येण्याआधी जमिनीखालच्या कोठीत बराच काळ मुक्काम करून, सावकाश निवत, स्फटिक धरत होता. मग तो बाहेर पडला, आणि उरलेला भाग झटपट गोठून बारीक कणांचा काळा दगड झाला. एकाच दगडात दोन वेगांचं थंड होणं दिसतं, म्हणून हा थर मला सगळ्या घाटात मोलाचा वाटतो.

पण मुळात हा रस आला कुठून? पृथ्वीच्या कवचाखालचा खडक भयंकर तापलेला असतो, तरी वितळलेला नसतो, कारण वरचा दाब त्याला वितळू देत नाही. कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही जोरात उकळत नाही, आणि दाब एकदम काढला की खदखदतं, तसंच हे. तापलेला खडक वर सरकला की दाब उतरतो आणि त्याचा काही भाग वितळतो. आपल्याकडे हेच झालं. तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, आज हिंदी महासागरात जिथे रियुनियन बेट आहे त्या गरम पट्ट्यावरून सरकत होता. जपान-इंडोनेशियातली तऱ्हा वेगळी. तिथे समुद्रतळ दुसऱ्या भूपट्टाखाली घुसतो, सोबत पाणी नेतो, आणि पाणी मिसळलं की खडक कमी तापमानालाही वितळतो. अंदमानातलं बॅरन बेट, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, याच जातीचं.

पुढचा फरक सिलिकाचा, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकाचा. आपल्या काळ्या दगडात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, सिलिका साधारण 50 टक्के, तापमान 1100 ते 1200 अंश सेल्सिअस, त्यामुळे रस पातळ. सिलिका 70 टक्क्यांवर गेली की तोच रस घट्ट आणि चिवट होतो. पाणी उकळताना बुडबुडे निमूट फुटतात, घट्ट पिठलं रटरटलं की हातावर उडतं. वायू दोन्हींत असतो, पण पातळ लाव्हातून तो सुटून जातो आणि घट्ट लाव्हात कोंडून स्फोट करतो. म्हणून फिलिपिन्समधल्या पिनाटुबोचा 1991 साली माथाच उडाला. घट्ट लाव्हा आणि राख तोंडाभोवती साचून उभा शंकू होतो. पातळ लाव्हा दूर वाहून हवाईतल्या मौना लोआसारखी पालथ्या ढालीची बसकी पाठ तयार करतो.

दख्खनमध्ये तर बसका डोंगरही नाही, कारण लाव्हा एका तोंडातून आलाच नाही. जमीन लांबलचक भेगांनी फाटली आणि भेगाभर रस वर आला. माणसांनी पाहिलेलं याचं मोठं उदाहरण आइसलँडमधलं लाकी. 1783 साली 27 किलोमीटर लांबीची भेग आठ महिने वाहत होती आणि सुमारे 15 घन किलोमीटर लाव्हा बाहेर पडला. गंधकाच्या वायूने गवत विषारी झालं, जनावरं मेली, दुष्काळात देशातला पाचांतला एक माणूस गेला. दख्खनच्या मोठ्या उद्रेकांत लाव्हाचा आकडा हजार घन किलोमीटरच्या घरात जातो.

नाशिकमध्ये शिरण्याआधी पांडवलेणी. पायऱ्यांची चढण पंधरा-वीस मिनिटांची, सकाळी आठच्या आत गेलात तर तिरप्या उन्हात दगडाचा पोत नीट दिसतो. 24 लेणी एका रांगेत, जवळजवळ एकाच उंचीवर आहेत. कारागिरांनी थर ओळखून जागा निवडली असणार. लाव्हाच्या एका थराचा मधला भाग घट्ट, एकसंध असतो, छिन्नीला सारखा जातो. वरचा भाग बुडबुड्यांनी पोखरलेला असतो, तिथे खांब कोरला तर कोपरे झडतात. तिसऱ्या लेण्यातला सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा शिलालेख आजही वाचता येतो, त्यामागे अक्षर कोरणाऱ्याइतकंच या घट्ट दगडाचंही श्रेय आहे.

थर वाचायची रीत सांगतो. बारीक भोकं दाट होत गेली की तुम्ही थराच्या माथ्याजवळ आहात. पेन्सिलीएवढ्या उभ्या नळ्या दिसल्या तर तळाजवळ. त्या नळ्यांची वरची टोकं एकाच दिशेला कललेली असतील, तर लाव्हा त्या बाजूला वाहत होता. दोन थरांच्या मध्ये विटकरी लाल मातीची पट्टी आली तर तिथे थांबाच. दोन लाव्हांच्या मधल्या शांत काळात झिजून तयार झालेली जुनी माती ती, वरच्या लाव्हाखाली बहुतेकदा भाजलेली.

आणि तो मधला घट्ट भाग निवायला किती काळ लागला असेल? वाहत्या लाव्हावर दुधासारखी साय धरते, आतून रस येत राहतो आणि थर फुगत जातो. हवाईत मोजलेल्या गतीने एक मीटर साय धरायला साधारण एक आठवडा लागतो. दहा मीटरला मात्र दहा नव्हे, शंभर आठवडे, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं. साय जितकी जाड, तितकी आतली उष्णता बाहेर पडायला उशीर.

रिकाम्या बुडबुड्यांचं पुढे काय होतं ते बघायला सिन्नरला जा, माळेगाव औद्योगिक वसाहतीतल्या गारगोटी संग्रहालयात. थर निवल्यावर त्यातून गरम पाणी फिरलं, त्याने दगडातले घटक विरघळवून पोकळ्यांमध्ये स्फटिक म्हणून सोडले. स्टिलबाइट पीचच्या रंगाचं, पेंढीसारखं कंबरेला आवळलेलं. स्कोलेसाइट पांढऱ्या सुयांचं. अपोफिलाइट काचेसारखं लखलखीत. यांतली पहिली दोन झिओलाइट गटातली. 'उकळणारा दगड' या अर्थाचं हे नाव 1756 मध्ये पडलं, कारण तापवल्यावर त्यातलं पाणी फसफसून बाहेर येतं. वाटेत पांढरा खडा सापडला तर खिळ्याने ओरखडा काढा. ओरखडा उमटला नाही आणि खड्याने काच कापली, तर गारगोटी. ओरखडा उमटला तर थोडी पूड करून लिंबू पिळा. बुडबुडे आले तर कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज, नाही आले तर बहुधा झिओलाइट.

त्र्यंबकला फार वेळ लागत नाही, पण झरे कुठे फुटतात ते बघा. पावसाचं पाणी भेगांतून उतरतं, लाल मातीच्या पट्टीवर अडतं आणि कड्याच्या पायथ्याशी पाझरतं. गोदावरी अशाच डोंगरातून निघते. शेतातही हेच गणित असतं. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या मऊ, भोकाळ खडकात पाणी लागण्याची आशा असते, काळ्या पाषाणात भेग नसेल तर बोअर कोरडी जाते. एका शेतातली कोरडी आणि शेजारची भरलेली, यामागे अनेकदा एवढंच कारण असतं.

दुसरा दिवस धोडप किल्ल्यासाठी राखून ठेवा. चांदवड तालुक्यातल्या हट्टी गावातून वाट आहे, पाणी जवळ बाळगा. माथ्याजवळ कातळाची सरळसोट भिंत पुढे आलेली आहे आणि तिला मध्येच एक मोठी खाच आहे. डोंगरभटके तिला डाइक म्हणूनच ओळखतात. डाइक म्हणजे रस वर येणारी भेग रसासकट गोठून तयार झालेली उभी भिंत. आजूबाजूचा खडक झिजतो, ती उरते. लाव्हाच्या आडव्या थरात थंडी वरून-खालून शिरते, म्हणून खडक तडकून उभे खांब होतात. डाइकमध्ये ती दोन्ही बाजूंनी शिरते, म्हणून खांब आडवे, रचलेल्या ओंडक्यांसारखे पडतात. आणखी उत्तरेला, धुळे-नंदुरबारच्या माळावर, असे दोनशेहून अधिक डाइक नोंदलेले आहेत, बरेचसे पूर्व-पश्चिम धावणारे. साक्रीच्या रस्त्याने गेलात तर शेतांमधून निघालेल्या लांब, अरुंद, काळ्या टेकड्या दिसतात. पाहुण्याने विचारलेलं तोंड ते हेच, किलोमीटरच्या किलोमीटर लांब आणि दगडाने बंद झालेलं.